हाफ इंजिन

चेतक स्कूटरचं हेड चार नटांवर बसलेलं असतं. ते चार नट सोडवायला मला आज पाच मिनिटंही लागत नाहीत. पण ते सोडवायचे की नाही हे ठरवायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली. गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे क्रँकला हात न लावता हेड, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा एवढंच काम. ते मी घरी करते. २००१ पासून आजवर अकरा वेळा केलं. चार वेळा आमच्या स्वतःच्या चेतकचं, बाकी शेजाऱ्यांच्या आणि शाळेतल्या सहकाऱ्यांच्या गाड्यांचं. मी मेकॅनिक नाही. साताऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. या कामानं मला जे दिलं ते पुढच्या कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या आप्पांनी चेतक घेतली १९८७ साली. स्कूटरसाठी नंबर लावून वाट पाहायचे ते दिवस. आकुर्डीहून बजाजची गाडी येणार म्हणजे घरात सण असायचा. पुढच्या फळीवर मी उभी, सीटवर आप्पा, त्यांच्या मागे आई, आणि आईच्या मांडीवर धाकटा भाऊ, अशी आमची औंधच्या यमाईची वारी त्याच गाडीवर व्हायची. २००० साली आप्पा गेले. गाडी वर्षभर जिन्याखाली पोत्याखाली उभी राहिली. कुणाला विकवेना, कुणाला चालवायलाही धीर होईना. शेवटी मीच पोतं काढलं. किक मारली तर पाय सरळ खाली गेला. दाब असा काही नव्हताच. बऱ्याच प्रयत्नांनी गाडी चालू झाली, तेव्हा अंगणभर पांढरा धूर झाला आणि गल्लीच्या चढाला तिनं मान टाकली.

गॅरेजवाल्यानं बघितलं आणि सांगितलं, “हाफ इंजिन करायला लागंल.” त्यानं सांगितलेला खर्च तेव्हाच्या माझ्या पगाराला जड होता, हे एक कारण झालं. दुसरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पा दर रविवारी ज्या गाडीचा प्लग स्वतः घासायचे, तिचं इंजिन परक्या माणसानं उघडावं हे मला नको होतं. त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी घरातच होती. पाने, गोटी पाना, पक्कड, प्लगचा पाना, आणि कागदात गुंडाळलेला फिलर गेज. मी सुट्टीचे दोन दिवस ठरवले आणि अंगणात जुनी चादर अंथरली.

उघडण्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. बाजूची डिकी काढली, ब्लॉकवरचा काळा पत्रा काढला, मागच्या शॉकॲबसॉर्बरचा खालचा बोल्ट काढून इंजिन जरा खाली सोडलं, नट सैल केले, हेड हातात आलं. आतला भाग कोळशासारखा काळा होता. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर, एक्झॉस्टच्या भोकाभोवती तर काजळीची कडाच चढलेली. बांबूची कामटी तासून मी तो थर खरवडला. लोखंडी पातं लावलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात, हे आप्पांकडून ऐकलेलं होतं. रॉकेलमध्ये भाग धुतले आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.

पहिला धडा तिथेच मिळाला. पिस्टनची पिन दोन्ही बाजूंनी बारीक तारेच्या कड्या अडवून धरतात. त्यांना सरक्लिप म्हणतात. एक सरक्लिप पक्कडीतून निसटली, टण्ण वाजली आणि इंजिनाच्या उघड्या तोंडातून खाली क्रँकपाशी गेली. ती तशीच आत राहिली असती तर पहिल्याच फेऱ्यात इंजिनाचं वाटोळं झालं असतं. भावाच्या मोडक्या रेडिओतल्या स्पीकरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून मी तासभर ती शोधत बसले. सापडली तेव्हा अंधार पडला होता. त्या दिवसापासून ब्लॉक वर उचलला की सगळ्यांत आधी खालच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबायची, हा माझा नियम झाला. आणि काढलेली सरक्लिप पुन्हा वापरायची नाही. पाच-दहा रुपयांच्या तारेवर अख्खं इंजिन पणाला लावू नये.

नव्या रिंगा टाकल्या, नवं पॅकिंग टाकलं, गाडी चालू झाली. धूर कमी झाला, किकला दाब आला. आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, जमलं. दीड महिन्यात गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली.

राजवाड्यामागच्या गल्लीत तेव्हा एक म्हातारे मिस्त्री होते. दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. मी ब्लॉक पिशवीत घालून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी बोट आत घातलं, वरच्या कडेला नख फिरवलं आणि ब्लॉक माझ्या हातात परत दिला. “नख लावून बघा बाई. लागतंय का काई?” लागत होतं. ज्या उंचीपर्यंत रिंगा जातात तिथवर सिलिंडर झिजलेला होता आणि त्याच्या वर मूळच्या मापाचा काठ शिल्लक होता. मिस्त्री म्हणाले, “रिंगा नव्या टाकल्या, पर बोर जुनाच हाय की. नवं जोडं घालून तुमी जुन्या खड्ड्यात चालताय.”

मग त्यांनी नवी रिंग पिस्टनवर न चढवता तशीच सिलिंडरमध्ये सरकवली, पिस्टननं ढकलून सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायला मला सांगितली. एवढ्या सिलिंडरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. माझी भरली एक मिलिमीटरहून थोडी जास्त.

घरी येऊन मी वही उघडली, आणि गणिताची शिक्षिका म्हणून मला कधी नव्हे तो आनंद झाला. रिंग म्हणजे परीघ. सिलिंडरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या पाय पटीनं परीघ वाढतो, आणि तेवढीच रिंगेची फट वाढते. व्यास पाव मिलिमीटरनं वाढला तर फट जवळपास ०.७९ मिलिमीटरनं वाढणार. मूळची पाव मिलिमीटर मिळवली की बेरीज १.०४. माझ्या फिलर गेजनं दाखवलेला आकडा हाच होता. म्हणजे महागडं बोअर गेज हाती नसतानाही, एक रिंग आणि पोलादी पात्यांची जुडी एवढ्यावर मला माझ्या सिलिंडरची झीज कळत होती. रिंग तीन उंचीवर लावून पाहिली की सिलिंडर कुठे जास्त झिजला तेही कळतं. मी ते आधी केलं असतं तर रिंगांचे पैसे आणि दीड महिना वाचला असता. मोजायच्या आधी मी सामान विकत आणलं होतं. ती माझी चूक होती.

चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर. झिजला की तो कातून मोठा करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन टाकतात. पिस्टन ठरलेल्या मापांतच मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. गॅरेजात त्यांना नुसतं ‘पंचवीस’, ‘पन्नास’, ‘पंचाहत्तर’ म्हणतात. माझा सिलिंडर पाव मिलिमीटर आधीच झिजलेला, त्यामुळे पंचवीसमध्ये तो साफ झाला नसता. पन्नासचा पिस्टन घ्यावा लागला. तो पुण्याहून नाना पेठेतून आणला आणि पिस्टनसकट ब्लॉक एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे दिला. पिस्टन आधी आणि बोअर नंतर, हा क्रम मिस्त्रींनी बजावून सांगितला होता. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून न राहता हातातला पिस्टन मोजून त्याला साजेसा बोअर करायचा असतो.

२००२ सालचा तो सप्टेंबर मी विसरणं शक्य नाही. नव्या बोअरवर २८० किलोमीटर झाले होते. आईला कासची फुलं बघायची होती. यवतेश्वरचा घाट चढताना मधल्या वळणावर इंजिनाचा आवाज बदलला, गाडी जड झाली आणि मागचं चाक एकदम बसलं. चढ असल्यामुळे वेग कमी होता, आणि डावा हात आपोआप क्लचवर आवळला गेला म्हणून आम्ही पडलो नाही. पिस्टन धरला होता. आईला रस्त्याच्या कडेला बसवलं. समोर अजिंक्यतारा दिसत होता. आई एवढंच म्हणाली, “निवू दे, मग बघू.” अर्ध्या तासानं इंजिन सुटलं. फुलं न बघताच, इंजिन बंद ठेवून, ब्रेक सांभाळत आम्ही उतरलो. मी एकटीच्या जिवावर उदार झाले असते तर वेगळी गोष्ट. पण मी माझ्या आईला माझ्या कामाच्या भरवशावर मागे बसवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून पिस्टन मिस्त्रींकडे नेला. एक्झॉस्टकडच्या बाजूला खोल ओरखडे होते. प्लगचं टोक पांढरं पडलेलं. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग चहासारखा बदामी असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, “पन्नासचा दुसरा पिस्टन आणते.” मिस्त्रींनी पिस्टन खाली ठेवला. “आणा की. त्यो बी धरंल. पेट्रोल कमी पडलं, हवा जादा झाली. हवा कुठनं आली त्ये सांगा, मग पिस्टन आणा.”

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. ब्लॉक जिथे इंजिनावर बसतो तिथे कागदी पॅकिंग असतं. जुन्या पॅकिंगचा नखाएवढा तुकडा एका कोपऱ्यात चिकटून राहिला होता आणि मी त्याच्यावरच नवं पॅकिंग ठेवून नट आवळले होते. तिथे केसभर फट राहिली होती.

टू-स्ट्रोक इंजिनात ही केसभर फट का मारक ठरते, ते समजून घ्यायला हवं. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत ओढलं जातं आणि मग वर जातं. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते. फट असली तर त्या पोकळीत कार्बुरेटर सोडून भलतीकडूनच हवा शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि ते जास्त गरम जळतं. शिवाय या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. उष्णता वाढते त्याच वेळी वंगण घटतं. दोन्ही संकटं एकाच फटीतून येतात.

मिस्त्रींनी सिलिंडरला चिकटलेलं ॲल्युमिनियम घासून काढलं, बोअर वाचला, त्यावर पुन्हा होनिंग, म्हणजे भिंतीचं बारीक घासकाम, झालं. नवा पिस्टन मात्र घ्यावा लागला. त्या पिस्टनवर ती गाडी पुढची दहा वर्षं चालली.

माझ्यापुरता या सगळ्या कामाचा कणा हाच आहे. भाग खराब झाला की तो बदलायची आपल्याला घाई असते, कारण बदलणं पैशानं होतं आणि लगेच होतं. तो का खराब झाला हे शोधणं वेळखाऊ असतं आणि त्याचं बिल कुणी देत नाही. पण कारण सापडेपर्यंत नवा भाग टाकू नये. शाळेतही मी हे पाळू लागले. मुलाचं उत्तर चुकलं की पूर्वी मी बरोबर उत्तर फळ्यावर लिहून पुढे जायचे. आता त्याच्या वहीत वर वर जात कुठल्या पायरीला ते चुकलं ते शोधते. बहुतेक वेळा चूक दोन पायऱ्या आधीच झालेली असते.

त्यानंतर मी चौकटीची एक वही केली. गाडी उघडायच्या आधी एक पान भरायचं: किती किलोमीटर झाले, प्लगचा रंग कसा, किकला दाब किती, धूर थंड इंजिनाला जास्त की गरम इंजिनाला, शेवटचं पेट्रोल आणि ऑइल कधी आणि किती घातलं. हे पान भरलं की पुष्कळदा इंजिन उघडायची गरजच उरत नाही. एका सहकारी बाईंची लुना चढ चढेना. त्यांना कुणीतरी नवा ब्लॉक-पिस्टन सांगितला होता. आम्ही फक्त सायलेन्सर काढून आत पाहिलं, तर एक्झॉस्टचं भोक कार्बननं अर्ध्याहून जास्त बुजलेलं. कामटीनं साफ केलं, नवं पॅकिंग लावलं, लुना बोगद्याचा चढ सहज चढली. सामानाचा खर्च चहाच्या दोन कपांएवढा.

दुसऱ्या एका शेजाऱ्यांच्या चेतकचे दोन पिस्टन एका वर्षात धरले होते. बोअर ठीक, पॅकिंग ठीक, कार्बुरेटर ठीक. पान भरताना माझ्या लक्षात आलं, की ब्लॉकवर काळा पत्रा नाही. या गाडीला वाऱ्याच्या झोतात उघडं इंजिन नसतं. ते डिकीच्या आत असतं. फ्लायव्हीलवरचा पंखा हवा फेकतो आणि तो पत्रा ती हवा ब्लॉकच्या पाकळ्यांभोवती फिरवतो. मागे कधीतरी कुणीतरी बोल्ट तुटला म्हणून पत्रा काढून ठेवला होता आणि ‘बिनकामाचा’ म्हणून तो भंगारात गेला. पंखा फिरत होता, पण हवा ब्लॉकला न लागताच निघून जात होती. जुना पत्रा मिळवून बसवला. नंतर ती गाडी पुन्हा धरली नाही.

तिसरा एक तरुण. गाडीवर त्याचा फार जीव. काळजीपोटी तो लिटरला ५० मिलिलिटर ऑइल घालायचा. माझ्या चेतकला लिटरला २० मिलिलिटर पुरतं. जास्त ऑइलनं प्लग ओला होतो, एक्झॉस्ट आणि सायलेन्सर बुजतात, आणि तेवढ्या जागेत पेट्रोल कमी मावल्यामुळे मिश्रणही थोडं पातळ होतं. त्याला ते समजावताना मला जाणवलं, की जीव लावणं आणि नीट सांभाळणं यांच्यामध्ये मोजमाप लागतं.

माझ्या हातून दुसऱ्याचं नुकसानही झालं आहे, आणि ते सांगायलाच हवं. २००६ साली एका सहकाऱ्यांची स्कूटर दुसऱ्या दिवशी गावाला न्यायची होती म्हणून मी रात्री काम संपवायला बसले. लोडशेडिंगमध्ये वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात पिस्टन चढवला. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो आणि तो एक्झॉस्टकडे हवा. रिंगेची टोकं कुठे राहणार हे खाचेतली बारीक खुंटी ठरवते. पिस्टन योग्य दिशेनं बसला तरच ती टोकं भोकांवरून न जाता सलग भिंतीवरून सरकतात. मी पिस्टन उलटा बसवला. रिंगेचं टोक भोकात अडकलं, रिंग तुटली, तुकड्यानं बोअर खरवडला. नव्या बोअरचे आणि पिस्टनचे पैसे मी दिले. सहकाऱ्यांनी नको नको म्हटलं, पण मी ऐकलं नाही. तेव्हापासून रात्री मी इंजिन उघडते, पण बंद कधी करत नाही. बंद करायचं ते सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर, स्वच्छ उजेडात.

सामानाच्या बाबतीतही फसले. एका दुकानातून आणलेल्या पिस्टनचं खोकं, छपाई, सगळं अस्सल दिसत होतं. लेथवाल्यानं हातात घेताच मान हलवली. मी तो आणि जुना पिस्टन घेऊन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलले. वीसेक ग्रॅमचा फरक. हे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असताना पिस्टन सेकंदाला सरासरी साडेनऊ मीटर या वेगानं वर-खाली होत असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलटा फिरतो. तिथे वीस ग्रॅम फार होतात. दुकानदारानं पिस्टन परत घेतला नाही. मी तो वर्गात दाखवायला ठेवला आहे.

घरी कुठली कामं करू नयेत तेही सांगते. बोअर करणं आणि होनिंग हे लेथवाल्याचंच काम आहे. आत पॉलिश पेपर फिरवून बोअर ‘करणारे’ मी पाहिले आहेत. तसं केलेलं इंजिन टिकलेलं मी पाहिलेलं नाही. पिस्टन आणि भिंत यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचं असतं. शंभर अंशांनी तापल्यावर ५७ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन साधारण ०.१२ मिलिमीटर फुगतो. बिडाचा सिलिंडर त्याच्या जवळपास निम्म्यानंच फुगतो. जागा कमी ठेवली तर गरम झाल्यावर पिस्टन धरतो, जास्त ठेवली तर थंडीत खडखडतो आणि लवकर झिजतो. हे हातानं साधत नाही.

घरी करता येतं ते म्हणजे उघडणं, साफ करणं, मोजणं, कारण शोधणं आणि स्वच्छपणे जोडणं. हेड वाकडं वाटलं तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर हेड आठच्या आकड्यात फिरवत घासता येतं. सगळीकडे सारखी चमक आली की थांबायचं. जोडताना पिनेला, रिंगांना आणि बोअरला ऑइल लावायचं. ब्लॉक रिंगांवर चढवताना बोटांनी रिंगा दाबून धरायच्या आणि अडकला तर जोर लावायचा नाही. अडकला म्हणजे काहीतरी चुकलं आहे. हेडचे नट समोरासमोरचे, तिरपे, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे. एकच नट एकदम आवळला तर हेड तिरकं बसतं. आणि आटे गेले तर पुढची डोकेदुखी वेगळीच.

गाडी चालू झाल्यावरचा काळ मला सगळ्यांत अवघड जातो. नव्या बोअरवर पहिले ५०० किलोमीटर मी ताशी ४० च्या वर नेत नाही, घाटात जात नाही, मागे कुणाला बसवत नाही. दर आठ-दहा किलोमीटरला थांबून इंजिन निवू देते. रिंगा आणि भिंत एकमेकांना सरावतात त्या याच दिवसांत. लोक मागून हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावेत.

दर वर्षी वृत्तचितीचं घनफळ आलं, की मी एक जुना ब्लॉक वर्गात नेते. मुलं व्यास मोजतात: ५७. पिस्टनचा प्रवास तोंडी सांगते: तोही ५७. त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले उंची. उत्तर १४५.४५ घन सेंटिमीटर येतं. “बाई, मग हिला दीडशे का म्हणतात?” हा प्रश्न दर वर्षी येतो. मी म्हणते, व्यास एक मिलिमीटरनं वाढवून बघा. ५८ घेऊन मुलं पुन्हा गणित मांडतात आणि १५०.६ येतं. शेवटच्या मापाला पोचल्यावर ही गाडी खरोखर दीडशेची होते. त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंही वही उघडतात. दोन माजी विद्यार्थिनी आज यंत्र अभियांत्रिकीत आहेत. श्रेय माझं नाही, पण त्या ब्लॉकची आठवण दोघीही काढतात.

मुलांच्या घरी आता फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. २०२० पासून चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर आलं, आणि तिच्यात पिस्टनच नाही. टू-स्ट्रोकचा धूर हवेला चांगला नव्हता, हे मला मान्य आहे. म्हणून मी आमची चेतक रोज काढत नाही. महिन्यातून दोनदा, आईला देवळात न्यायला आणि पेट्रोल टाकीत शिळं होऊ नये म्हणून. २०२२ साली तिचं पुन्हा पाच वर्षांसाठी पासिंग झालं. राजवाड्यामागच्या मिस्त्रींचं दुकान कधीच बंद झालं. त्यांचा प्रश्न मात्र मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहिते: हवा कुठून आली?

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी पोत्याखाली उभी असेल, तर पाना हातात घेण्याआधी एक वही घ्या. पहिलं पान भरा. मग ठरवा. उघडलंत तर चिंधी कोंबायला विसरू नका, आणि काम रात्री संपवू नका.

आमच्या चेतकचा बोअर २०१२ साली पंचाहत्तरचा झाला. परवा रिंगेची फट मोजली, ०.४० मिलिमीटर आहे. पुढचं आणि शेवटचं माप एकच उरलं आहे. ते लागायला अजून बराच अवकाश आहे.